गाळलेल्या दोन ओळी

दुसऱ्याच्या घरात काय चाललंय हे कळल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. ही खोड बरी नाही, असं आमच्या हिनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. पण याच खोडीवर पोट भरता येईल असा एक धंदा सोलापुरात होता आणि तो मला सापडला. मी टायपिस्ट. कोर्टाच्या कंपाउंडाला लागून पत्र्याची शेड, तिच्यात चार टेबलं, त्यातलं कडुलिंबाच्या झाडाच्या बाजूचं माझं. त्या टेबलाशी मी चौतीस वर्षं काढली.

आमचं घर विणकराचं. आजोबा मागावर, वडील मागावर, घरातलं बोलणं तेलुगू. मी मराठी टायपिंगची परीक्षा पास झालो म्हणून मागाऐवजी मशीनवर बसलो. वडील म्हणायचे, फरक काय पडला, खटखट तीच. लोकांना वाटतं, टायपिस्ट म्हणजे वकील सांगेल ते बडवणारा. तसं नसतं. निम्मी माणसं वकिलाकडं जायच्या आधी आमच्याकडं येतात, कारण वकिलाची भीती वाटते आणि आमची वाटत नाही. बाई नवऱ्याविरुद्ध अर्ज द्यायला येते आणि सुरुवात करते मानपानातल्या साडीपासून. मग नणंदेचं बाळंतपण येतं, मेलेली शेळी येते, दिराचा स्वभाव येतो. अर्ध्या तासानं कळतं की नवरा दोन वर्षं घरी आलेला नाही. कोर्टाला हवं असतं ते एवढंच. बाकीचं मी कान भरून ऐकायचो आणि कागदावरून गाळायचो. गाळण्यात माझा हात धरणारा शेडमध्ये कोणी नव्हता. ‘नरसूचा मसुदा कसा सुटसुटीत असतो,’ असं वकील म्हणायचे आणि मी फुगायचो. कॉम्प्युटर घेतल्यावर तर काय, ठरलेले मसुदे आत भरूनच ठेवले. नावं, गावं, तारीख बदलली की कागद तयार.

हे सगळं मागं टाकून मी घरी बसलो होतो, तेवढ्यात देशमाने वकीलबाई आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं भरभर, चालणं त्याहून भरभर. म्हणाल्या, कुटुंबाचे कायदे सोपे आणि आजच्या काळाला धरून करायचेत, त्यासाठी एक समिती नेमलीय, आणि ती लोकांचीच मतं मागवतेय. लग्न, घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा, सगळं त्यात आलं. जिल्ह्यात ठिकठिकाणी शिबिरं घ्यायची होती. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं ऐकून फॉर्म भरणारा माणूस त्यांना हवा होता. मी हिच्याकडं बघितलं. ही म्हणाली, ‘जा, घरात बसून तरी शेजाऱ्यांच्याच खिडकीकडं बघता.’

फॉर्म दोन पानी होता. बरेचसे प्रश्न होय-नाहीचे, आणि शेवटी सूचनेसाठी एक चौकोन. मला वाटलं, दिवसाला शंभर उरकू. पहिलं शिबिर अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या एका कारखान्याच्या दारात जेवणाच्या सुट्टीत. ‘घटस्फोट लवकर मिळावा असे आपणास वाटते काय?’ हा प्रश्न मी आमच्याच पूर्व भागातल्या, विणकरवस्तीतल्या एका म्हातारीला तेलुगूत करून विचारला. तिनं डबा बाजूला ठेवला आणि मलाच विचारलं, लवकर कुणाला, जाणाऱ्याला की राहणाऱ्याला? मी होयवरही खूण केली नाही आणि नाहीवरही. अक्कलकोटकडच्या एका गावात लग्नाच्या नोंदणीचा प्रश्न वाचला, तर एक कानडी म्हातारा म्हणाला, पत्रिका छापली, गाव जेवलं, अजून कुणाला सांगायचं राहिलं? आणि मोहोळच्या बाजारात एका गृहस्थानं मला कोपऱ्यात नेऊन हळू आवाजात सूचना दिली की बायकोच्या आईचा फोन दिवसातून एकदाच यावा, असं कलम घाला. मी ते जसंच्या तसं लिहिलं. वकीलबाई वैतागल्या, म्हणाल्या, काका, हा कौटुंबिक कायदा आहे. मी म्हणालो, मग हे काय शेतीचं आहे का?

खरं सांगायचं तर मला मजा येत होती. चौतीस वर्षं जे गाळलं ते आता कुणीतरी मागत होतं.

चौथं शिबिर कुर्डुवाडीत, स्टेशनजवळच्या शाळेत. तिथं चाळिशी ओलांडलेली एक बाई नवऱ्याला घेऊन आली. नवरा रेल्वेत फिटर, उंच, अबोल, हातात टोपी. फॉर्म पुढं केला तर तिनं तो घेतलाच नाही. माझ्याकडंच बघत राहिली. मग म्हणाली, ‘तुमीच की ते. लिंबाखालचं.’

तिनं पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक स्टॅम्पपेपर काढून माझ्यासमोर ठेवला. मला वाचायची गरजच पडली नाही. समास, मथळा, मांडणी, सगळं माझं. मथळा होता ‘सोडचिठ्ठी’. खाली चार ओळी, की आम्ही उभयता राजीखुशीने विभक्त होत असून यापुढे आमचा एकमेकांशी कोणताही संबंध राहिलेला नाही. एकोणीस वर्षांपूर्वी भरून ठेवलेला मसुदा.

आणि तो दिवस मला लख्ख आठवला. याला कारण माझी खोड.

ही बाई मंगल, मंगळवेढ्याकडच्या एका वाडीवरची, धनगरांची. पहिला नवरा भिवा. दोघांचं भांडण नव्हतं, पण जमतही नव्हतं. सहा वर्षांत मूल नव्हतं, आणि मेंढरं घेऊन भिवा आठ-आठ महिने बाहेर. दोन्हीकडच्यांनी ठरवून वेगळं व्हायचं म्हटलं आणि कागद करायला सगळे सोलापूरला आले. बरोबर दोन पंच होते, त्यातले थोरले तायाप्पा नावाचे, कानात बाळी, खांद्यावर घोंगडं. मी नावं भरत होतो, तेवढ्यात लिंबाखाली सगळे गोल उभे राहिले. काडीमोड हा शब्द आपण सगळेच वापरतो, पण खरोखर काडी मोडताना किती जणांनी बघितलंय? मी काम टाकून उठलो आणि त्या गोलात जाऊन उभा राहिलो.

तायाप्पांनी धोतराच्या सोग्यातून कडब्याची काडी काढली. एक टोक भिवानं धरलं, दुसरं मंगलनं. पंचांनी दोघांना विचारलं, राजीखुशीनं का? दोघं व्हय म्हणाले. काडी जरा ओलसर असावी, पहिल्यांदा नुसतीच वाकली. भिवानं पीळ दिला, मंगलनं ओढली, तेव्हा कुठं तुटली. मग आपापला तुकडा दोघांनी पाठीमागं टाकला आणि मागं न बघता चार-चार पावलं चालले. कुणी रडलं नाही. मी परत जागेवर येऊन बसलो.

तायाप्पा माझ्या टेबलाशी आले आणि मजकूर सांगायला लागले. आमच्या धनगर समाजाच्या पहिल्यापासून चालत आलेल्या रिवाजाप्रमाणं, पंचांच्या समोर, काडी मोडून फारकत झाली, असं घाला. असल्या दोन ओळी. मी हसलो. म्हणालो, ‘आजोबा, हे जुनं झालं. कोर्टात असलं चालत नाही. मी कसं नीट करतो बघा.’ आणि कॉम्प्युटरमधला मसुदा काढून दिला. तायाप्पा म्हणाले, तुमी शिकल्याली मानसं, आणि अंगठा उमटवला. साक्षीदार म्हणून सही कुणाची? आमच्याकडची पद्धत अशी की जवळ असेल त्याला बोलवायचं. चहावाल्यानं एक केली, झेरॉक्सवाल्यानं एक. काडी मोडताना दोघांपैकी एकही तिथं नव्हता.

पुढं दोन वर्षांनी मंगलचं सिदरामशी लग्न झालं. तोच हा फिटर. मुलगी झाली, ती आता दहावीला आहे. सिदरामच्या निवृत्तीची कागदपत्रं जुळवायची वेळ आली, तेव्हा फॉर्मवर पूर्वीच्या लग्नाचा रकाना होता. दोघांनी खरं ते लिहिलं आणि सोबत हा कागद जोडला. रेल्वेकडून उत्तर आलं की हा घटस्फोट नव्हे. दोघांनी आपसात कागद केला म्हणून लग्न सुटत नाही, कोर्टाचा हुकूम आणा. म्हणजे कागदावर मंगल अजून भिवाची बायको, आणि सतरा वर्षं ज्याचा डबा भरला त्या सिदरामची कोणीच नाही.

वकीलबाईंनी सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा खुलला. हे तर अगदी सोपं आहे, म्हणाल्या. भिवानंही दुसरं लग्न केलंय, तोही सही देईल. त्याच्याशी आता संमतीनं घटस्फोट घ्यायचा, आणि मग सिदरामदादांशी रजिस्टर लग्न करून टाकायचं. काही महिन्यांत सगळं सुरळीत. मुलीची काळजी करू नका, लग्न कायद्यात बसलं नाही तरी त्यातलं मूल कायदेशीरच धरतात.

मंगलनं पदर सावरला. ‘म्हंजे पोरगी कायदेशीर, आन तिची आई न्हाय?’

वकीलबाईंनी लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं.

‘नवं लगीन लावायचं म्हंजे आदीचं न्हवतंच की. मंग आजपातूर मी ह्यांची कोन हुते? पोरीला काय सांगू, तुज्या बापाशी माजं औंदा लगीन हाय म्हनून?’ आवाज तिनं चढवला नाही. सिदराम टोपीची घडी घालत होता, ती उलगडून त्यानं पुन्हा घातली.

वकीलबाईंनी तो कागद उचलून परत वाचला. मग विचारलं, खरंच काडीमोड झाली होती का? मंगल म्हणाली, झाली की, ह्यांच्या टेबलापाशी. मग ती यात लिहिली का नाही, असं वकीलबाईंनी विचारलं, आणि तिघंही माझ्याकडं बघायला लागले.

आता बाहेरच्या माणसाला कळेल असं सांगतो, कारण मलाही ते तेव्हाच कळलं. हिंदूंचा लग्नाचा कायदा झाला तेव्हा तो करणाऱ्यांनी एक दार उघडं ठेवलं होतं. ज्या समाजात जुन्या रूढीनं फारकत होते, तिथली ती फारकत हा कायदा मोडत नाही. मात्र रूढी होती आणि ती पाळली गेली, हे सिद्ध करावं लागतं. रूढी, पंच, काडी. म्हणजे कायद्याला जे हवं होतं ते तायाप्पा मला तोंडानं सांगत होते, आणि कायद्याला ते चालत नाही म्हणून मी ते गाळत होतो. कोर्टाच्या दारात चौतीस वर्षं बसून मला एवढं ठाऊक नव्हतं. लाज वाटली, दुसरं काय.

तायाप्पा वारलेले. दुसरे पंचही वारलेले. भिवा साक्ष द्यायला तयार होता, पण त्याचं स्वतःचं दुसरं लग्न त्याच फारकतीवर उभं, तेव्हा तो आपल्या सोयीचंच बोलणार असं कोर्ट म्हणणार. दोघांचा कोणी लागत नाही आणि त्या दिवशी तिथं उभा होता, असा माणूस एकच उरला होता. वकीलबाई म्हणाल्या, काका, विचार करून सांगा.

मी आठ दिवस विचार केला. काडी मोडताना बघितली, हे सांगायला काहीच वाटत नव्हतं. पण पुढचा प्रश्न येणारच, की मग कागदात का नाही? ज्या वकिलांनी माझ्या सुटसुटीतपणाचं कौतुक केलं, त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं होतं की तो अडाणीपणा होता. आणि तो मसुदा काही मी एकदाच वापरला नव्हता. जेवताना मी हे सगळं हिला सांगितलं. ही वाढता वाढता म्हणाली, जन्मभर दुसऱ्याचं ऐकलंत, एकदा आपलं सांगा की.

मंगलनं कौटुंबिक न्यायालयात दावा लावला, की भिवाशी माझी रूढीनं फारकत झालेली आहे आणि मी सिदरामची कायदेशीर बायको आहे असं ठरवून द्या. वकीलबाईंनी तो फुकट चालवला. समाजातल्या दोन म्हाताऱ्यांनी येऊन रूढी सांगितली, की त्यांच्या आज्यापणज्यापासून हे असंच चालत आलंय. भिवाची साक्ष झाली तेव्हा मी नियमाप्रमाणं बाहेर बाकावर बसलो होतो. मग माझं नाव पुकारलं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून कोर्ट कसं दिसतं ते मला पहिल्यांदाच कळलं. खाली बसलेले सगळे ओळखीचे, आणि एकही ओळख दाखवत नव्हता.

रेल्वेकडून आलेले वकील सभ्य होते, पण सोडणारे नव्हते. एकोणीस वर्षांपूर्वीची काडी तुम्हाला कशी आठवते, म्हणाले. मी सांगितलं, मला दुसऱ्याच्या भानगडी बघायची सवय आहे. मागं कुणीतरी हसलं. मग त्यांनी विचारलं, काडी कशी मोडली? मी सांगितलं, मोडली नाही आधी. वाकली. मग यानं पीळ दिला, हिनं ओढली. न्यायाधीशबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली आणि आधीची पानं उलटून बघितली. नंतर कळलं की भिवानंही तासाभरापूर्वी तेच सांगितलं होतं, की काडी वली हुती, तुटंना.

मग तो प्रश्न आलाच. पंचांनी मजकूर सांगितला असेल, तर तो कुणाच्या सांगण्यावरून गाळला?

मी म्हणालो, ‘कुणाच्याच नाही. मला वाटलं, मी सोपं करून देतोय.’

असे कागद किती केले, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मोजले नाहीत. न्यायाधीशबाईंनी तेही उतरवून घेतलं. पिंजऱ्यातून उतरताना मंगल दारापाशी उभी दिसली. तिनं पाण्याची बाटली पुढं केली आणि मी ती संपवली.

निकाल तिच्या बाजूनं लागला. नक्कल मिळाली त्या दिवशी दोघं माझ्या घरी आली, पोरगीही होती. मंगलनं सांगितलं, वाचा, आन काय बी सोडू नका. मी एकेक पान वाचलं, कलमं, तारखा, कुणी काय म्हटलं ते सगळं. शेवटच्या पानावर ‘सिदराम याची कायदेशीर पत्नी आहे व विवाहाच्या दिवसापासून होती’ असं आलं, तेव्हा तिनं मला थांबवलं आणि पोरीला म्हणाली, तू वाच. पोरीनं वाचलं. सिदराम इतक्या दिवसांत माझ्यासमोर पहिल्यांदाच बोलला. ‘होती,’ तो म्हणाला, ‘ह्ये बरं झालं लिवलं.’ आणि त्यानं टोपीनं डोळे पुसले.

जाताना मंगलनं समितीच्या फॉर्मची चौकशी केली. समितीनं मुदत दोनदा वाढवली होती, ती अजून संपली नव्हती. सूचनेच्या चौकोनात तिनं सांगितलं ते मी लिहिलं: ‘कायदा सोपा कराच. पन सोपा करताना काय काय काडून टाकलं, ते आमास्नी आदी वाचून दाकवा. त्यातलं काय लागतंय ते आमाला ठावं आसतंय.’ कॉम्प्युटरवर चढवताना वकीलबाई म्हणाल्या, काका, एवढी अक्षरं बसत नाहीत, थोडं आटोपशीर करू या का? मी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. त्यांनी वेगळा कागद जोडला.

हे सगळं गोड झालं आणि मी इथंच लेखणी ठेवायला हवी होती. पण माझ्या साक्षीची बातमी कुठं कुठं पोचली. गेल्या महिन्यात मोहोळकडून एक बाई पत्ता शोधत घरी आली. हातात तसाच कागद, तोच मथळा, त्याच चार ओळी. तिचीही फारकत पंचांसमोर झाली होती, तिचेही पंच आता नाहीत, आणि तिनं पुढं केलेल्या लग्नावर तिच्या सावत्र मुलांनी बोट ठेवलंय. तिनं मला त्या दिवसाचं सगळं सांगितलं. ती कोणत्या खुर्चीवर बसली होती, कडेवरचं भाच्याचं पोर कसं रडत होतं, मी त्याला माझ्या डब्यातला बिस्किटाचा पुडा कसा फोडून दिला. काडी लिंबाखालीच मोडली, म्हणाली, तुमच्या पाठीमागं. पाच पावलांवर.

त्या दिवशी मी मान वळवलेली नसणार. गर्दी असेल, मसुदा तयार असेल, नावं भरून मोकळा झालो असेन. ‘आठवतं’ एवढं म्हणालो असतो तरी तिचं काम झालं असतं, आणि ओठावर आलंही होतं. पण पिंजऱ्यात उभं राहून काडी कशी मोडली म्हणून विचारलं, तर काय सांगणार होतो?

मी म्हणालो, बाई, मला काहीच आठवत नाही हो.

तिचा विश्वास बसेना. तिनं खुर्ची पुढं ओढली, पदर मागं सारला आणि चेहरा उजेडाकडं केला.

‘नीट बगा की माज्याकडं,’ ती म्हणाली.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.